बोट कधी सोडायचं : चीनमध्ये इंग्रजी शिकवायला जाणाऱ्यांसाठी

चेंगडूच्या तियानफू विमानतळावर रात्री साडेअकराला उतरले, तेव्हा माझ्या नावाचा कागद धरून शाळेच्या ऑफिसातली एक मुलगी उभी होती. वय तेवीस. माझं पस्तीस. पुढचा महिनाभर मी तिचं बोट धरून चालले. सिमकार्ड तिने घेतलं, बँकेत फॉर्म तिने भरला, गॅस संपला तेव्हा गॅसवाल्याशी ती बोलली, आणि पहिल्या आठवड्यात माझं रात्रीचं जेवणही तिनेच फोनवरून मागवलं. चीनमध्ये नव्या परदेशी शिक्षकाला असं एक माणूस दिलेलं असतं. सुरुवातीला ते नसेल तर हाल होतात. पण वर्षभर तेच बोट धरून राहणारे शिक्षकही मी पाहिलेत. त्यांना दुधाची पिशवी घ्यायची तरी कुणाला तरी मेसेज करावा लागतो. म्हणून हा लेख कुठे बोट घट्ट धरायचं आणि कुठे सोडायचं, त्या क्रमाने लिहिला आहे.

मी मूळची सांगलीची, पदवी कोल्हापूरची, पासपोर्ट कॅनडाचा. अशी खिचडी असलेली मराठी माणसं आता अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातही पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही जण चीनचा विचार करतात. भारतीय पासपोर्टवर जाऊ पाहणाऱ्यांना आधीच सांगते: इंग्रजीच्या शिक्षकासाठी चीनचा नियम इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व धरून चालतो, आणि शाळा सर्रास सात देशांची नावं घेतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. गणित किंवा विज्ञान शिकवत असाल तर आंतरराष्ट्रीय शाळांचा रस्ता वेगळा आहे, त्याची चौकशी वेगळी करा.

निघण्याआधी: कागद

सगळ्यात आधी झेड व्हिसा. हा कामाचा व्हिसा. शाळा तिकडे तुमच्यासाठी वर्क परमिटची सूचना काढते, तो कागद तुमच्याकडे येतो, तो दाखवून तुम्ही आपल्या देशातल्या चिनी व्हिसा केंद्रातून झेड घेता. चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याचं रूपांतर राहण्याच्या परवान्यात करायचं. एखादा एजंट म्हणाला, "टुरिस्ट व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देतो," तर फोन ठेवून द्या. बेकायदा काम केल्याचा दंड ५,००० ते २०,००० युआन आहे, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी. ती एजंटाला होत नाही, तुम्हाला होते.

कागद मुख्यतः तीन: पदवी, पोलिसांचा दाखला, आणि दोन वर्षांच्या अनुभवाचं पत्र. शिक्षणशास्त्राची पदवी, आपल्या देशाचा शिक्षक परवाना किंवा टेफलसारखं भाषा शिकवण्याचं प्रमाणपत्र असेल तर अनुभवाच्या अटीतून सूट मिळू शकते.

आता आपल्यासारख्यांची खास गोची. ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीनमध्ये अपोस्टिल चालतं. म्हणजे कॅनडाच्या पोलिसांच्या दाखल्यावर कॅनडातच एक शिक्का मारून घेतला की झालं, दूतावासाची पायरी गळाली. हे वाचून मी खूश होते. मग कळलं की अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात चीनच्या प्रवेशाला भारताने हरकत घेतलेली असल्यामुळे भारत आणि चीन यांच्यात अपोस्टिल लागूच होत नाही. कोल्हापूरच्या पदवीला जुनाच लांबचा रस्ता: राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग चिनी दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास. माझे बाबा सत्तरीत हे करत फिरले. पदवी भारतातली असेल तर नोकरी पक्की होण्याची वाट न बघता हे काम आधीच सुरू करा. पदवी टोरांटोची किंवा लंडनची असेल तर तुमचं नशीब चांगलं.

दुसरी गोची नावाची. आपल्या पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी मालगाडी असते. चिनी नाव बहुतेक वेळा दोन-तीन अक्षरांत संपतं, त्यामुळे तिथले फॉर्म आणि तिथली माणसं या मालगाडीपुढे गोंधळतात. माझ्या बाबतीत फोन कंपनीने मधलं नाव गाळलं, बँकेने सगळे शब्द जोडून एकच लिहिलं, आणि पेमेंटचं अॅप दोन्हीकडे बघून म्हणालं की ही दोन वेगळी माणसं आहेत. तीन आठवडे मी पैसे असून कंगाल होते. पहिल्या फॉर्मपासून एकच रूप धरा: पासपोर्टवर आहे तसं, मोठ्या अक्षरांत, त्याच क्रमाने, तेवढ्याच मोकळ्या जागा सोडून. काउंटरवरच्या बाईला स्क्रीन आपल्याकडे वळवायला सांगा आणि अक्षर न् अक्षर वाचा. तिला राग येत नाही.

कुठली नोकरी

जुलै २०२१ मध्ये चीनने शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर मोठा बडगा उगारला. 'श्वांगच्येन', म्हणजे दुहेरी कपात: गृहपाठात कपात आणि क्लासेसमध्ये कपात. नफ्यावर चालणारे शालेय विषयांचे क्लास एका फटक्यात बसले. त्याआधी पुष्कळ परदेशी शिक्षक या क्लासेसमध्ये असायचे. आता जुन्या माहितीवर विसंबून कुणी "संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी क्लास, पगार भरपूर" असं सांगितलं तर तो क्लास कुठल्या परवान्यावर चालतो ते विचारा.

उरतात सरकारी शाळा, विद्यापीठं आणि द्वैभाषिक किंवा आंतरराष्ट्रीय शाळा. विद्यापीठात पगार कमी, पण तासही कमी, आवारातच फ्लॅट, आणि हिवाळ्या-उन्हाळ्याची लांब सुट्टी. आंतरराष्ट्रीय शाळेत पगार चांगला, पण तुमच्याकडे खरा शिक्षक परवाना लागतो आणि काम सकाळी साडेसातपासून संध्याकाळपर्यंत. पहिल्यांदा जाणाऱ्याने विद्यापीठ किंवा सरकारी शाळा धरावी, असं माझं मत. तिथे चीन जास्त दिसतो.

आणि एक गोष्ट, जी जाहिरातीत लिहिलेली नसते. बायोडेटाबरोबर फोटो मागतात. तो कशासाठी, हे आपल्याला कळायला वेळ लागत नाही. इंग्रजीचा शिक्षक गोरा असावा, असं पुष्कळ पालकांना वाटतं आणि शाळा पालकांकडे बघून चालतात. माझी एक नोकरी फोनवर ठरली होती; फोटो गेला आणि "जागा भरली" असा निरोप आला. त्यानंतर मी पहिलीच मुलाखत व्हिडिओवर मागायला लागले. ज्यांना चेहरा चालत नाही, ते तिथेच गळतात आणि कागदांचा खर्च वाचतो. सध्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंनी पहिल्या दिवशी पालकांना एवढंच सांगितलं, "या कॅनडाच्या. यांना चार भाषा येतात." विषय संपला.

फोन

चीनमध्ये फोन हेच पाकीट, तिकीट आणि ओळखपत्र. निघण्याआधी घरीच दोन अॅप उतरवा: पैसे देण्यासाठी अलिपे, आणि मेसेज व पैसे दोन्हींसाठी वीचॅट. दोन्हींत आता परदेशी कार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा काही लागत नाही, त्याहून मोठ्या रकमेवर ३ टक्के कापतात. म्हणजे भाजी, मेट्रो, चहा फुकटात; फ्रिज घेतलात तर झळ बसेल. वीचॅटचं खातं उघडताना आधीपासून वापरणाऱ्या कुणाला तरी तुमची खातरजमा करायला सांगतात, म्हणून शाळेतल्या माणसाला ती विनंती आधीच करून ठेवा.

गूगल, यूट्यूब, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम तिथे चालत नाहीत. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि तरी विमानतळावर उतरल्यावर सगळे नकाशा उघडायला जातात. परदेशी सिम रोमिंगवर चालू ठेवलं तर त्याचा डेटा आपल्या देशाच्या कंपनीमार्फत जातो, म्हणून त्यावर व्हॉट्सअॅप उघडतं. निदान पहिल्या महिन्यासाठी ते चालू ठेवाच. बँकांचे ओटीपीही त्याच नंबरवर येतात.

मराठी माणसाची अडचण इथेही दुहेरी. चीनमध्ये व्हॉट्सअॅप बंद, आणि भारताने जून २०२० मध्ये ज्या ५९ अॅपवर बंदी घातली त्यांत वीचॅट होतं. म्हणजे टोरांटोतल्या बहिणीशी मी वीचॅटवर बोलते आणि सांगलीच्या आईशी बोलता येत नाही. आम्ही शेवटी आईला जुना आयफोन घेऊन दिला आणि फेसटाइमवर आलो. तिला तो आवडत नाही. "यात हिरवं बटण कुठंय?" असं दर रविवारी विचारते.

पहिले चोवीस तास आणि पहिला महिना

इथे बोट घट्ट धरा. कारण प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा आहे.

पहिलं, पोलीस चौकी. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले तुमची नोंद करतात. घरात राहायला गेलात तर २४ तासांच्या आत जवळच्या चौकीत नोंद करायची. पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाची कागदपत्रं घेऊन जायचं. एक साधा छापील कागद मिळतो. तो हरवू नका, पुढच्या प्रत्येक खिडकीवर तोच मागतात. घर बदललं की पुन्हा नोंद. परदेशी जाऊन आलात तर "पुन्हा करायची का?" असं विचारून घ्या.

दुसरं, वैद्यकीय तपासणी. उपाशीपोटी जायचं. हातात एक फॉर्म देतात आणि मग खोली क्रमांक एक, दोन, तीन. रक्त, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, डोळे, ईसीजी. कुणी काही बोलत नाही, फक्त बोटाने पुढची खोली दाखवतात. ईसीजीच्या खोलीत बाईंनी माझ्या घोट्यांना आणि मनगटांना बर्फासारखे गार चिमटे लावले, पडदा ओढला, कागद फाडला, शिक्का मारला. सगळं मिळून अर्धा तासही नाही. आपल्याकडे एवढ्या वेळात केसपेपर निघत नाही.

तिसरं, राहण्याचा परवाना. परदेशी लोकांची ये-जा बघणाऱ्या सरकारी विभागात पासपोर्ट जमा होतो आणि दोन-तीन आठवडे त्यांच्याकडेच राहतो. त्याबदल्यात फोटो लावलेली पावती मिळते. देशाबाहेर जाता येत नाही, पण त्या पावतीवर देशात फिरता येतं. परवाना झाल्यावर पासपोर्ट तुमच्या हातात आला पाहिजे. "आम्हीच सांभाळतो" असं कुठली शाळा म्हणाली तर नम्रपणे नाही म्हणा.

सिमकार्ड पासपोर्टवरच मिळतं. चायना मोबाइल, युनिकॉम किंवा टेलिकॉमच्या दुकानात ते तुमचा चेहराही टिपतात. नंतर बँकेचं खातं, मग ते खातं अलिपेला आणि वीचॅटला. हे झालं की परदेशी कार्डाची गरज संपते. आणि माझ्या हिशेबाने बोट सोडण्याचा पहिला दिवस हाच. त्या संध्याकाळी एकट्याने बाहेर पडा, रस्त्यावरची पिवळी, निळी किंवा हिरवी सायकल स्कॅन करा, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन नूडल्स मागवा. चूक होऊ द्या. मी पहिल्या दिवशी शाकाहारी समजून रक्ताच्या वड्या घातलेलं सूप मागवलं होतं.

जेवण

चेंगडूला येणाऱ्याला सगळे एकच गोष्ट सांगतात: तिखट आहे. मराठी माणसाला तिखटाची भीती घालू नये. तिथलं नवल तिखटात नाही, 'हुआच्याओ'त आहे. पहिल्यांदा जीभ बधिर झाली, ओठांत मुंग्या आल्या, आणि मला एकदम मालवणच्या मावशीची बांगड्याची आमटी आठवली. आपलं तिरफळ आणि सिचुआनचं, म्हणजे चेंगडूच्या प्रांताचं, हुआच्याओ ही वनस्पतीच्या एकाच कुळातलीच नव्हे, एकाच प्रजातीगटातली सख्खी भावंडं. फक्त आपण चार तिरफळं ठेचून टाकतो आणि खाताना बाजूला काढतो. ते मूठभर टाकतात. मिरचीचा 'ला' आणि बधिरपणाचा 'मा' मिळून 'माला'. कमी हवं असेल तर "वेइला", अगदीच नको तर "पू याओ ला". दुसऱ्यावर फार विश्वास ठेवू नका. ज्या कढईत सगळं होतं ती कढईच तिखट असते.

शाकाहारी लोकांनी "वो छ्र सू" पाठ करावं, म्हणजे मी शाकाहारी. पण तेवढ्याने भागत नाही. परतलेल्या घेवड्याच्या शेंगांत डुकराचा खिमा असतो, मापो टोफूत खिमा असतो, आणि कोबी डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो. स्वयंपाक्याच्या दृष्टीने ते मांस नव्हे, चव आहे. म्हणून नुसतं "शाकाहारी" म्हणू नका; खिमा नको, चरबी नको, चिकनची पावडर नको, असं चिनीत लिहिलेलं एक चित्र फोनमध्ये ठेवा आणि तेच दाखवा. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खानावळी असतात. तिथे कांदा-लसूणही नसतो, आपल्या चातुर्मासासारखं.

घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी: तांदूळ, कोथिंबीर, आलं, लसूण, मिरच्या, दोडका, कारलं, पडवळाचा भाऊबंद, सगळं मंडईत मिळतं. तूरडाळ, हिंग, मोहरीची फोडणी यांना ताओबाओ नावाच्या अॅपवर शोधावं लागतं. पाण्याबद्दल एकच: नळाचं पाणी कुणीच पीत नाही. उकळलेलं पितात, आणि गरमच पितात. उन्हाळ्यातही हॉटेलात गरम पाण्याचा पेला येईल. सर्दी झाली, पोट दुखलं, नोकरी गेली, कशावरही तुमचे सहकारी "गरम पाणी पी" हाच उपाय सांगतील.

वर्गात

मुलं तुम्हाला 'लाओश' म्हणजे शिक्षक म्हणतील, आणि तुमच्या पाठीमागे तुमचा उल्लेख 'वाइच्याओ' असा होईल, म्हणजे परदेशी शिक्षक. माझ्या माध्यमिक शाळेत एका वर्गात ४६ मुलं. मला प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदाच मिळतो. म्हणजे साधारण पाचशे मुलं, आणि प्रत्येकाने स्वतःच इंग्रजी नाव घेतलेलं. तीन अॅपल, दोन चेरी, एक सेव्हन आणि एक पोटॅटो. पोटॅटोला मी नाव बदलायला सुचवलं. त्याने विचार करून सांगितलं की त्याला बटाटे आवडतात. यावर काय बोलणार.

पहिल्या तासाला मी बडबड केली आणि शेवटी विचारलं, "काही प्रश्न?" ४६ चेहरे, आणि पंख्याचा आवाज. मला वाटलं की त्यांना काही कळलंच नाही. वहीत मात्र सगळं उतरवलेलं होतं. चारचौघांत चूक झाली तर 'म्येनच' जातं. हा शब्द आपल्या 'तोंड दाखवायला जागा उरली नाही'च्या जवळचा. त्यामुळे एकट्याला उभं करून विचारू नका. आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला लावा, मग चौघांत, मग गटाचं उत्तर मागा. आता उत्तर गटाचं आहे, चूकही गटाची. दुसऱ्या महिन्यात मला वर्ग शांत करायला टाळ्या वाजवाव्या लागत होत्या.

वर्गाचा मॉनिटर, 'पानचांग', त्याच्याशी मैत्री करा. प्रोजेक्टर कसा चालतो, आज अर्धा वर्ग कुठे गेला, उद्या तास आहे की नाही, हे सगळं त्याला माहीत असतं. वेळापत्रकाबद्दल शाळेवर विसंबू नका. रात्री दहाला वीचॅटवर निरोप येतो की उद्या सकाळी पहिला तास तुमचा आहे. याचा राग येतो. तो वैयक्तिक नसतो, चिनी शिक्षकांनाही तेव्हाच कळलेलं असतं. एक जादा पाठ कायम तयार ठेवा.

दुपारी बारा ते दोन शाळा झोपते. अक्षरशः. दिवे बंद, पडदे बंद, मुलं बाकावर उशी घेऊन. त्या वेळात कुणाला फोन करू नका. मध्येच लाउडस्पीकरवर संगीत सुरू होतं आणि सगळी मुलं डोळे मिटून कपाळ-भुवया चोळायला लागतात. तो डोळ्यांचा व्यायाम, थांबून राहा. सोमवारी सकाळी झेंडावंदन. १० सप्टेंबर शिक्षक दिन, त्या दिवशी टेबलावर फुलं असतील. जूनच्या ७ तारखेपासून काओखाओ, म्हणजे आपल्या बारावी आणि प्रवेश परीक्षेचा एकत्र बाप. तेव्हा गावात हॉर्नसुद्धा हळू वाजतात.

वर्गात तैवान, तिबेट, तियानआनमेन हे विषय नकोत. कुणी विचारलं तर "मी इंग्रजीची शिक्षिका" म्हणून पुढे जा. आपल्यासाठी चौथी गोष्ट: नकाशे. भारताचा कुठलाही नकाशा स्लाइडवर टाकू नका. तुमचा त्यांना चालणार नाही आणि त्यांचा तुम्हाला बघवणार नाही. मी दिवाळीचा पाठ घेतला तेव्हा फक्त पणत्या, फराळ आणि किल्ला दाखवला. मातीचा किल्ला बघून मुलं वेडी झाली.

कान आणि जीभ

चिनी शिकताना माझे अमेरिकन सहकारी ज्यावर अडतात, त्यातलं निम्मं आपल्याला घरचं आहे. रोमन लिपीत 'बी' लिहिलेलं असतं तो आपला प, आणि 'पी' तो फ-सारखा महाप्राण. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च वेगळे, हे मराठी मुलाला कुणी शिकवावं लागत नाही. चिनीत 'झेड' लिहितात तो चाकातला आणि 'जे' लिहितात तो चारमधला. हे कळल्यावर माझे उच्चार आठवड्यात सुधारले. सूर मात्र सगळ्यांनाच अवघड, तिथे आपल्याला काही सवलत नाही.

चेंगडूत आणखी एक भानगड. तिथली बोली 'श' चा 'स' करते, त्यामुळे चार आणि दहा जवळपास सारखे ऐकू येतात. मंडईत संत्र्यांचा भाव चार की दहा? भाजीवाले बोटांनी दाखवतात, पण सहापासून दहापर्यंतचे आकडे ते एकाच हाताने दाखवतात आणि ती खूण आपल्याकडे नाही. अंगठा आणि करंगळी बाहेर म्हणजे सहा. ही पाच चिन्हं पहिल्या आठवड्यात शिका. काहीच कळलं नाही तर "थिंग पू तोंग", ऐकतेय पण समजत नाही.

हिवाळा

कॅनडातून आलेल्या मला कुणी सांगितलं असतं की मी चेंगडूत थंडीने रडेन, तर मी हसले असते. बाहेर पाच-सहा अंश, पण आतही जवळपास तेवढेच. छिनलिंगचे डोंगर आणि ह्वाइ नदी यांच्या उत्तरेला सरकार घरोघरी हीटिंग देतं. चेंगडू त्या रेषेच्या दक्षिणेला. वर्गाच्या खिडक्या हवेसाठी उघड्या, आणि मुलं कोट घालून लिहितात. ऊन इतकं क्वचित की तिथे म्हण आहे, सिचुआनचे कुत्रे सूर्य दिसला की भुंकतात. धुतलेली जीन्स चार दिवस ओली राहते. अंथरुणात घालायची विजेची गादी, जाड तळाच्या चपला आणि कपडे सुकवायचं यंत्र, ही खरेदी नोव्हेंबर लागायच्या आत करा. आणि ज्या दिवशी ऊन पडेल त्या दिवशी सगळं सोडून पीपल्स पार्कमध्ये जा. अख्खं गाव बांबूच्या खुर्च्यांत झाकणाच्या पेल्यातला चहा पीत बसलेलं असतं आणि कानातला मळ काढणारे चिमटा वाजवत फिरत असतात. मी कान दिला नाही. अजून धीर होत नाही.

किरकोळ, पण लागतंच

दवाखान्यात आधी 'क्वाहाओ', म्हणजे नंबर लावणं. मग डॉक्टर, मग प्रत्येक तपासणीआधी पैसे, मग तपासणी, मग परत डॉक्टर. पहिल्या खेपेला कुणाला तरी सोबत घ्या, इथे बोट सोडायची घाई नको. साध्या तापालाही सलाईन लावायला निघतात. नको असेल तर सांगा.

रेल्वेचं तिकीट १२३०६ नावाच्या अॅपवर, प्रवासाच्या १५ दिवस आधीपासून. कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. फाटकावर आपोआप उघडणाऱ्या रांगेत उभं राहू नका, कर्मचारी बसलेली रांग धरा. वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, सगळा देश गावाकडे निघतो. आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं जे होतं, ते अख्ख्या देशात होतं. दुकानं, कुरियर, खानावळी बंद. पीठ-मीठ भरून ठेवा. आणि सुट्टीचा आनंद जपून माना, 'थ्याओश्यू' नावाचा प्रकार आहे: लांब सुट्टी दिली की तिची भरपाई मागच्या-पुढच्या शनिवार-रविवारी काम करून द्यायची.

पगारातले महिन्याचे पहिले ५,००० युआन करमुक्त. घरी पैसे पाठवताना बँक वर्क परमिट, करार आणि कर भरल्याचा दाखला मागते, म्हणून कराचा दाखला दर काही महिन्यांनी काढून ठेवा. ऐनवेळी मागितला तर अकाउंटंट सुट्टीवर असतो.

मे महिन्यात शाळा विचारते, पुढच्या वर्षी राहणार का? राहणार नसाल, तर तोंडी निरोप घेऊन विमानात बसू नका. नोकरी सोडल्याचा दाखला आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद, दोन्ही हातात घ्या. ते नसतील तर चीनमधली पुढची शाळा तुमचं परमिट काढू शकत नाही. राहणार असाल तर नवा करार येईल. त्यावर मुख्याध्यापकांची सही असेल, पण सहीला तिथे फारशी किंमत नाही. लाल गोल शिक्का बघा. इंग्रजी आणि चिनी दोन्ही प्रतींवर, पानं जोडली आहेत त्या कडेवरसुद्धा. नसेल तर कागद परत द्या आणि सांगा, शिक्का मारून आणा, मी थांबते.